खाल्लेलं अंगी लागतं कसं?

पंचवटीतल्या कपालेश्वराच्या दर्शनाला पहिल्यांदा आलेला माणूस हमखास चक्रावतो. देऊळ महादेवाचं, पण समोर नंदीच नाही! आख्यायिका अशी, की इथे महादेवांनी नंदीला गुरू मानलं. आता गुरूला आपल्या दाराशी कसं बसवायचं?

देवांनी एका बैलाला गुरू केलं. शास्त्रज्ञांनी पुढे गाय, कोंबडी, कालवड, मेंढी अशा सगळ्यांचीच शिकवणी लावली. प्रश्न एकच: जनावर खातं किती आणि त्यातलं अंगी लागतं किती? खाणं आणि अंगी लागणं यांत मोठी दरी असते. पशुपालकाचा नफा-तोटा त्या दरीतच दडलेला असतो. या शोधाशोधीतून हाती आलेल्या काही भन्नाट गोष्टी, नाशिकच्या गोठ्यापासून विस्कॉन्सिनच्या गोठ्यापर्यंत.

एक सहा की एक सात?

नाशिक जिल्ह्यातल्या ब्रॉयलरवाल्याला ‘बॅच कशी गेली?’ विचारा. वजन सांगून झालं की तो लगेच एफसीआर सांगेल. ‘एक सहा बसला’ म्हणजे पक्ष्याच्या १ किलो वजनामागे १.६ किलो खाद्य गेलं. कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्याचा मोबदला याच आकड्यावर वरखाली होतो.

आकडा चिमुकला दिसतो, पण हिशेब करून बघा. ५,००० पक्ष्यांची शेड, विक्रीचं वजन २.२ किलो. म्हणजे एकूण ११,००० किलो माल. एफसीआर १.६ चा १.७ झाला, की १,१०० किलो खाद्य जास्त गेलं. ५० किलोच्या तब्बल २२ गोण्या! फरक दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्याचा, पण फटका टेम्पोभर.

मासा नंबर एक

याच परीक्षेत डुकराला साधारण ३ किलो खाद्य लागतं. मांसासाठी दाण्यावर वाढवलेल्या गोऱ्ह्याला ६ ते ८ किलो. सगळ्यात काटकसरी मासा. चांगल्या व्यवस्थापनात १.२ ते १.६ किलोत त्याचं भागतं. कारण सोपं आहे. अंग गरम ठेवायला त्याला ऊर्जा जाळावी लागत नाही आणि पाणीच त्याचं वजन तोलून धरतं.

यात एक गंमतही लपली आहे. खाद्य जवळजवळ कोरडं असतं आणि जनावराच्या वजनात मात्र निम्म्याहून जास्त पाणी असतं. त्यामुळे एफसीआर १ च्या आसपास आला तर ती जादू समजू नये. पाण्याचंही वजन काट्यावर भरतं.

९०५ ग्रॅम विरुद्ध ४ किलो २०२ ग्रॅम

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं कोंबड्यांच्या जुन्या जाती जपून ठेवल्या आहेत. तिथल्या संशोधकांनी १९५७ ची, १९७८ ची आणि २००५ ची अशा तीन काळांतल्या कोंबड्या एकत्र वाढवल्या. खाद्य तिघींना सारखंच. ५६ व्या दिवशी काट्यावर काय आलं? १९५७ ची ९०५ ग्रॅम, १९७८ ची १,८०८ ग्रॅम आणि २००५ ची ४,२०२ ग्रॅम!

‘हल्लीच्या कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात’ असं ठणकावून सांगणाऱ्या काकांना हा प्रयोग ऐकवा. इंजेक्शन कुणालाच नव्हतं आणि खाद्यही एकच होतं. फरक होता पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचा. पैदाशीसाठी दरवेळी जास्त वाढणारे पक्षी ठेवत गेलं, की पन्नासेक वर्षांत हा पल्ला गाठता येतो. किलोमागे लागणारं खाद्यही या काळात निम्म्यावर आलं.

एक खादाड, एक उपाशी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये पॉल सीगल यांनी १९५७ मध्ये एक प्रयोग सुरू केला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. व्हाइट प्लिमथ रॉक जातीच्या कोंबड्यांचा एकच कळप घेऊन त्याचे दोन भाग केले. एका भागात ५६ व्या दिवशी सगळ्यात वजनदार असलेले पक्षी पुढच्या पिढीचे आईबाप. दुसऱ्या भागात सगळ्यात हलके ते आईबाप. बाकी काही नाही.

पन्नासेक पिढ्यांनंतर दोन्ही घराण्यांच्या वजनात दहापटीच्या आसपास फरक पडला. खरी मजा पुढेच आहे. जड घराण्यातले पक्षी पोट भरलं तरी खात सुटतात. त्यांना आवर घातला नाही तर ते लठ्ठ होतात. हलक्या घराण्यातली काही पिल्लं मात्र समोर खाद्य असूनही खात नाहीत आणि त्यातच मरतात. वजनाची निवड करता करता मेंदूतल्या भुकेचीच निवड झाली होती.

ब्रॉयलरच्या धंद्यालाही हे चांगलंच ठाऊक आहे. आपल्या ताटात येणाऱ्या कोंबडीला हवं तेवढं खाऊ देतात, पण तिच्या आईबापांना मोजूनमापून. त्यांना मोकळं सोडलं तर ते एवढे सुटतात, की अंडी आणि फळणं दोन्ही घटतं.

जेवायला वेळ किती? ३४ मिनिटं!

त्याच दाण्याचा भरडा द्यावा की कांडी? १९६२ मध्ये संशोधकांनी घड्याळ लावून बघितलं. १२ तासांत भरडा खाणाऱ्या कोंबडीच्या पिल्लांनी खाण्यात १०३ मिनिटं घालवली. कांडीवाल्यांचं ३४ मिनिटांत आटोपलं. टर्कीचा फरक तर अजब निघाला: भरड्याला १३६ मिनिटं, कांडीला १६!

घटक तेच होते, पण चोची मारण्यात जाणारी ताकद वाचली आणि ती वाढीला लागली. शिवाय कांडीत निवडानिवड करता येत नाही. भरड्यातले मक्याचे तुकडे वेचून बारीक पीठ मागे ठेवायची कोंबडीची खोड मोडते.

मिरची चालेल, साखर कशाला?

गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक कोंबडीकडे नाहीच. म्हणून खाद्यात गूळ मिसळला तरी गोडीसाठी ती काही जास्त खाणार नाही. दुसरीकडे, लवंगी मिरचीसमोर आपले डोळे पाणावतात तिथे कोंबडी ढिम्म असते. मिरचीच्या झणझणीत रसायनाला दाद देणारा चेतातंतूंवरचा ग्राहक पक्ष्यांमध्ये जवळजवळ बधिर असतो. पोपटाला मिरची का आवडते, याचं उत्तर इथेच मिळतं. सस्तन प्राण्यांमधला हाच ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

गाय मात्र चवीची पक्की. तिच्या जिभेवर २० हजारांहून जास्त रुचिकलिका असतात, कोंबडीच्या तोंडात जेमतेम काही शे. गव्हाणीतली सरकी पेंड अचानक बदलली की गाय तोंड का फिरवते, हे गोठेवाल्याला शास्त्रज्ञानं सांगायची गरज नाही.

तिन्हीसांजेची चुन्याची भूक

अंड्याचं कवच बनायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातलं मुख्य काम रात्री चालतं. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम. वर्षाला ३०० अंडी म्हणजे ६०० ग्रॅम. गंमत अशी, की कोंबडीच्या अख्ख्या शरीरात मुळात कॅल्शियम असतं २० ग्रॅमच्या आसपास! म्हणजे वर्षभरात ती आपल्या अंगातल्या कॅल्शियमच्या तीसपट माल बाहेर काढते.

हे तिला कळतं कसं, कोण जाणे, पण निवड करू दिली तर अंड्यावरची कोंबडी दुपारनंतर आणि संध्याकाळी शिंपल्याची कणी जास्त टिपते. रात्रपाळीआधी कच्चा माल भरून ठेवायची तिची ही धडपड. म्हणून जाणते लेअरवाले कणी संध्याकाळच्या खाद्यात टाकतात आणि ती जरा जाडसर ठेवतात. जाड कणी पोटात हळूहळू विरघळते आणि रात्रभर पुरते. कवच पातळ येत असेल तर आधी घड्याळ बघा, मग औषधाचं दुकान.

दिवसाला शंभर लिटर लाळ

दुपारी डोळे अर्धवट मिटून बसलेली गाय आळशी वाटते. प्रत्यक्षात ती ड्युटीवर असते. दिवसातले सात-आठ तास तिचं रवंथ चालतं आणि त्यात १०० ते १५० लिटर लाळ तयार होते. या लाळेत नैसर्गिक सोडा असतो. पोटातलं आम्ल तोच आटोक्यात ठेवतो.

आता कुट्टी पिठासारखी बारीक केली किंवा आंबोणाचा मारा केला, तर काय होईल? चघळायलाच काही उरत नाही. रवंथ घटतं, लाळ घटते आणि आम्लता चढते. मग दुधाची फॅट पडते, आणि गोठेवाला खाण्याचा सोडा चारत बसतो. कडब्याच्या चार काड्यांनी हे काम फुकट केलं असतं. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या, तर गोठ्याचं बरं चाललंय असं समजावं.

दुधाचा बायपास

गाईच्या पोटाला चार कप्पे, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण वासराच्या बाबतीत पहिला मोठा कप्पा जन्मतः जवळजवळ बिनकामाचा असतो. वासरू दूध चोखू लागलं, की अन्ननलिकेजवळची एक घडी मिटून नळी तयार होते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरतं.

मग पहिला कप्पा वाढतो कशानं? नुसत्या दुधानं नाही आणि नुसत्या गवतानंही नाही. दाण्याचा भरडा आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांनी कप्प्याच्या आतली लव वाढते. म्हणून पहिल्या आठवड्यातच वासरापुढे मूठभर वासरांचं खाद्य आणि स्वच्छ पाणी ठेवायला सांगतात. ‘अजून लहान आहे, दूधच पिऊ दे’ ही माया कालवडीला महागात पडते. चीक मात्र जन्मल्यावर तासाभरात पोटात जायलाच हवा. तिथे तडजोड नाही.

सोळा कालवडी आणि एक जीवनसत्त्व

१९०७ मध्ये विस्कॉन्सिनला १६ कालवडींचे चार गट केले. एकाला फक्त मक्याचं खाद्य, दुसऱ्याला गव्हाचं, तिसऱ्याला ओटचं, चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. रासायनिक तपासणीत चारही खाद्यांतली प्रथिनं आणि ऊर्जा सारखीच होती. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे चौघांचा निकाल सारखाच लागायला हवा होता.

मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या आणि त्यांना धडधाकट वासरं झाली. गव्हावरच्यांची वासरं दिवस भरायच्या आत जन्मून मेली. कागदावर सगळं बरोबर, गोठ्यात सगळं चूक! स्टीफन बॅबकॉक यांच्या कल्पनेतून निघालेल्या या प्रयोगात राबणाऱ्या एल्मर मॅकॉलम यांनी मग उंदरांवर काम केलं. १९१३ मध्ये त्यांच्या हाती जो घटक लागला, तोच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. गाजर खायला सांगणाऱ्या प्रत्येक आईनं या कालवडींचे आभार मानायला हरकत नाही.

नोबेल मिळालं कोंबड्यांमुळे

त्याआधीची गोष्ट, जावा बेटावरची. क्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचा जंतू शोधत होते. अचानक प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडल्या. काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तर कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पॉलिश केलेल्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि लष्करी भात कोंबड्यांना द्यायला त्यानं साफ नकार दिला. त्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि उठून चालू लागल्या.

जंतू नव्हताच. कोंड्यातलं ‘ब१’ जीवनसत्त्व गायब झालं होतं. आइकमन यांना १९२९ चं नोबेल विभागून मिळालं. आचाऱ्याला काही नाही.

कांदा पडला भावात, गाय पडली आजारात

हा मात्र खास नाशिकचा विषय. कांद्याचा भाव कोसळला, की बांधावर ढीग ओतले जातात आणि ‘वाया जाण्यापेक्षा जनावरांच्या तरी तोंडी लागेल’ असं म्हणून गुरांपुढे पाट्या रित्या होतात. गुरं आवडीनं खातातही. घोटाळा चार-पाच दिवसांनी कळतो. लघवी तांबडी-कॉफीसारखी होते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जनावर धापा टाकतं.

कांद्यातली गंधकाची संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. यात गाय-म्हैस सगळ्यात हळवी. शेळ्या-मेंढ्या बऱ्याच दमाच्या. संशोधकांचा सल्ला असा, की एकूण कोरड्या चाऱ्याच्या हिशेबात कांदा पाव हिश्शापेक्षा जास्त नको आणि तोही चिरून, बाकीच्या वैरणीत मिसळून. दावणीत कांद्याचा वेगळा ढीग घातला, की दांडगी गाय दुसरीला ढकलून एकटीच खाते. बळी तो कान पिळी, आणि इथे आजारीही तोच पडतो. काजळी धरलेला, सडका कांदा तर अजिबातच नको.

द्राक्षाचा चोथा, गाईची ढेकर

नाशिकच्या वायनरींमध्ये द्राक्षाचा रस निघाला की मागे साल आणि बियांचा चोथा उरतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात संशोधकांनी असाच चोथा दुभत्या गाईंना चारून बघितला. गाईंच्या मिथेनमध्ये सुमारे २० टक्के घट दिसली. चोथ्यातलं टॅनिन आणि तेल यांमुळे पोटातल्या मिथेन बनवणाऱ्या जंतूंची पंचाईत होते.

याचा पर्यावरणाइतकाच संबंध खिशाशीही आहे. गाईच्या ढेकरेतून बाहेर पडणारा मिथेन म्हणजे तिनं खाल्लेल्या ऊर्जेतला सहा-सात टक्के हिस्सा हवेत उडवणं. आपल्या बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य बनवलं. त्यानंही मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो. चोथ्याच्या बाबतीत मात्र हात आखडता हवा. टॅनिन जास्त झालं की प्रथिनंही पचेनाशी होतात.

जगण्याचाही खर्च असतो

पंचवटीच्या नावाची पांजरापोळ १८७८ पासूनची. म्हाताऱ्या, भाकड, सोडून दिलेल्या जनावरांचा सांभाळ हे तिचं मूळ काम. इथे एक गोष्ट लख्ख दिसते. गाय दूध देवो न देवो, श्वास घ्यायला, अंग गरम ठेवायला, उभं राहायला तिला चारा लागतोच. पशुआहाराच्या भाषेत हा निर्वाहाचा आहार.

४०० किलोची गाय रोज १० लिटर दूध देत असेल, तर तिच्या ऊर्जेतला ढोबळमानानं निम्मा वाटा नुसत्या जगण्यात जातो. आता दहा-दहा लिटरच्या दोन गाई आणि २० लिटरची एक गाय यांचा हिशेब मांडा. दूध सारखंच, पण एकीला ऊर्जा सुमारे पाव हिश्शानं कमी पुरते, कारण जगण्याचा खर्च एकाच पोटाचा. ‘दावणीला किती’ विचारण्यापेक्षा ‘एकीमागे किती’ विचारावं, ते यासाठी.

गाय अडीचशे कोंबड्यांएवढी, भूक त्रेसष्टांएवढी

५०० किलोची गाय म्हणजे २ किलोच्या २५० कोंबड्या. मग जगायला ऊर्जा २५० पट लागायला हवी ना? नाही! स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात काम केलेल्या मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवलं, की प्राण्याची गरज वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. गणित केलं तर गाईची गरज कोंबडीच्या सुमारे ६३ पटच भरते. म्हणजे किलोमागे बघितलं तर लहान जीव जास्त खातो. घरातल्या चिमुरडीला सारखी भूक का लागते, त्याचाही धागा इथवर येतो.

खायला काळ, भुईला भार

दोन गोऱ्हे आहेत. वजन सारखं, वाढही सारखी. तरी एकाला रोज किलोभर जास्त दाणा लागतो. हा किलो जातो कुठे? १९६३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कॉख आणि सहकाऱ्यांनी हे मोजायची रीत काढली. वजन आणि वाढ बघून जनावरानं किती खायला हवं, याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षात खाल्लेल्यातून तो वजा करायचा. बाकी उणे आली तर जनावर काटकसरी. अधिक आली तर खायला काळ.

हा गुण काही प्रमाणात आईबापांकडून उतरतो. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ट्रांगी केंद्रात अँगस गुरांची काटकसरी आणि उधळी अशी दोन घराणीच वेगळी वाढवली गेली. अडचण एकच: प्रत्येक जनावराचा घास न्‌ घास मोजावा लागतो. परदेशात कानातला बिल्ला ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गव्हाणी हे काम करतात. आपल्याकडे कानात १२ अंकी पिवळा बिल्ला आलाय. गव्हाणीला डोळे यायचे बाकी आहेत.

आतली भट्टी

एप्रिल-मेमध्ये संकरित गाय चारा सोडते, तेव्हा ती नाटक करत नसते. वैरण आंबवणारं तिचं पोट ही एक पेटती भट्टीच असते. बाहेर ऊन आणि आत भट्टी, मग ती आतला जाळ कमी करते, म्हणजे खाणं घटवते. उपाय स्वस्त आहे: मुख्य खुराक पहाटे आणि रात्री द्या, दुपारी सावली आणि पोटभर गार पाणी. लिटरभर दुधामागे तीन-चार लिटर पाणी लागतं, हे विसरू नका. घोटी-इगतपुरीकडच्या पावसाच्या माऱ्यात डांगी गुरं कातडीतून तेलकट स्राव सोडून तग धरतात. उन्हाळ्यासाठी होल्स्टीनकडे असली काही सोय नाही.

मागचा अनुशेष

उन्हाळ्यात हाडं वर आलेली कालवड पावसाळ्यात हिरवा चारा मिळताच भराभर भरते. इतकी, की वर्षभर पोटभर खाल्लेल्या बहिणीपेक्षा तिची रोजची वाढ जास्त असते. १९१५ मध्ये ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी उंदरांत ही भरपाईची वाढ दाखवली आणि पुढे ती गुरांतही दिसली. पण यात अट आहे. उपासमार फार लांबली किंवा अगदी कोवळ्या वयात झाली, तर अनुशेष कायमचा राहतो.

पी हळद आणि हो गोरी

१९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडरली कंपनीत जूक्स आणि स्टॉकस्टॅड कोंबडीच्या पिल्लांना ‘ब१२’ जीवनसत्त्वासाठी ऑरिओमायसिनच्या निर्मितीतला गाळ चारत होते. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. कारण निघालं गाळातलं प्रतिजैविक. मग जगभर खाद्यात चिमूटभर प्रतिजैविक मिसळायची टूम निघाली. तिची किंमत आता माणसं मोजताहेत, कारण जंतू औषधांना दाद देईनासे झालेत. युरोपनं वाढीसाठीचा हा वापर २००६ पासून बंद केला. भारतानं २०१९ मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी घातली. झटपट वाढीच्या पुड्या विकणारे आजही भेटतात. पुडीवर नाव वाचल्याशिवाय हात लावू नका.

टेप घ्या, वजन काढा

आणि शेवटी तुमच्या हातातला प्रयोग. वजनकाटा नसला तरी शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत. घेर ६५ आणि लांबी ५८ इंच असेल तर वजन साधारण ३७१ किलो.

दुभत्या गाईला वजनाच्या तीन टक्के कोरडा चारा लागतो असं धरलं, तर हिला झाले सुमारे ११ किलो. हिरव्या चाऱ्यात चार हिस्से पाणी आणि एकच हिस्सा कोरडा माल असतो, तेव्हा ‘पाटीभर घास टाकला’ यावर समाधान मानू नका. गोठ्यात एक वही टांगा. महिन्यातून एकदा वजन, रोज टाकलेला चारा आणि गव्हाणीत उरलेला चारा, एवढंच लिहा. तीन महिन्यांनी कुठल्या गाईचं खाल्लेलं अंगी लागतं आणि कुठलीचं नाही, ते वहीच सांगेल. पेंडेची पुढची गोणी त्यानंतरच घ्या.